कोणी हात न लावता होणारं दुखणं

बाहेर नवतपा, आत प्रयोगशाळेत दिवसभर वेदना मोजण्यासाठी रॅटची बीळ उकरण्याची चाचणी.

व्हॉन फ्रे तंतू, म्हणजे ठरावीक जोराने दाबणारा बारीक धागा, पायाला टोचला की जनावर पंजा उचलतं. पण मधुमेहात नसा बिघडलेल्या माणसाचे पाय कोणी हात न लावता रात्रभर जळतात. ते जळणं तंतूने मोजता येत नाही.

म्हणून नळी. ३२ सेंमी लांब, १० सेंमी व्यासाची, एक टोक बंद, उघडं टोक ६ सेंमी उचललेलं. आत अडीच किलो बारीक गिट्टी. तासाभराने उरलेली गिट्टी वजन करायची. दुखणारं जनावर कमी उकरतं. गिट्टी कोरडीच हवी, ओली असली तर वजन फसवतं. प्रयोगासाठी इजा करण्याआधीच सराव द्या, जे उकरतच नाहीत ते तेव्हाच वगळा. चाचणीच्या खोलीत कूलर मात्र नको. घरघर आणि दमटपणा, दोन्हींनी वागणं बदलतं.

सुस्तीनेही उकरणं घटतं, हे विसरू नका. गॅबापेंटिन या नसांच्या वेदनेवरच्या औषधाचा डोस जास्त झाला की वेदना कमी होऊनही उकरलेल्या गिट्टीचा आकडा खालीच राहतो.

चेहऱ्यावरून वेदनेला गुण देण्याची पद्धत २०१० ची, माऊससाठीची: डोळे, नाक, गाल, कान, मिशा, प्रत्येकी ० ते २. तासा-दिवसांच्या वेदनेला ती उत्तम. नस दाबल्यानंतरच्या जुनाट दुखण्यात मात्र चेहरा बहुधा शांतच दिसतो, आणि शून्य गुण म्हणजे वेदना नाही असं लिहिणं मला चुकीचंच वाटतं. तिथे वेदनाशामक देऊन ज्या खोलीत आराम मिळाला ती खोली जनावर पुन्हा निवडतं का, हे पाहणं जास्त भरवशाचं. निरोगी जनावरात तेच औषध देऊन तुलना हवीच, नाहीतर औषधाची नुसती गोडी मोजली जाईल.