दाताचा तुकडा

गणेशचवथीच्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून दीड वर्षाच्या मुलाला घेऊन घरची मंडळी आमच्या हॉस्पिटलात धावत आली. तापात आकडी आलेली. आचके थांबले होते, पोर गुंगीत होतं, ओठातून रक्त येत होतं. आजी रडत सांगत होती, "दात बसले होते गो सिस्टर, चमच्याने उघडले म्हणून वाचलं."

ताप १०३. तोंडात पाहिलं तर वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. तुकडा कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. आकडीपेक्षा मला त्या तुकड्याची भीती वाटली, कारण गुंगीतल्या मुलाच्या श्वासनलिकेत तो सहज उतरू शकतो. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावेपर्यंत मी मुलाला गुंडाळलेली शाल घडी घडी उलगडली. तुकडा शालीच्या काठाला चिकटलेला सापडला. तुटल्या जागी तो बरोबर जुळत होता, आणि छातीत दोन्हीकडे हवा सारखी जात होती.

आकडीत जीभ गिळली जात नाही. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. पण कांदा हुंगवणं आणि दात उघडणं घराघरात इतकं रुजलंय की आजीवर रागावून काय साधणार होतं? तिने जिवाच्या आकांताने केलं होतं.

तोंडावाटे काही द्यायचं नव्हतं, म्हणून तापासाठी पॅरासिटामॉलची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायची गोळी, दिली. खाटेचे कठडे वर करून त्यांना घड्या केलेली ब्लँकेटं बांधली. ऑक्सिजन आणि तोंडातली लाळ ओढून घेणारं सक्शन चालू करून पाहिलं. आईला विचारून गळ्यातला काळा दोरा आणि हातातले वाळे काढले; आचक्यांत दोरा आवळतो, वाळ्यांनी खरचटतं. पाच मिनिटांच्या वर आकडी चाललीच तर लागेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं मिडाझोलॅम हे आकडी थांबवणारं औषध हाताशी ठेवलं.

संध्याकाळी डोळे वर गेले, अंग ताठलं. त्याला डाव्या कुशीवर वळवलं, लाळ बाहेर ओघळू दिली. आजी पाय दाबून धरायला धावली. धरून ठेवलं तर आचके थांबत नाहीत, सांधा मात्र दुखावतो. "आजी, हात लावू नका. घड्याळ बघा, किती वेळ झाला ते तुम्ही सांगा."

ती बघत राहिली, थरथरत. "दोन मिनिटां जाली गो," म्हणाली तेव्हा अंग सैल पडत होतं. मिडाझोलॅम लागलं नाही. डॉक्टरांना वेळ तिनेच सांगितली.

एका आकडीवर भागलं असतं तर कदाचित इथेच ठेवलं असतं. चोवीस तासांत दुसरी आली, म्हणजे साधी आकडी म्हणता येत नाही, मेंदूज्वर नाही ना हे पाहावं लागतं. १०८ची रुग्णवाहिका बोलावून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवायचं ठरलं.

गाडी येईपर्यंत आईने विचारलं, आता ताप आला की लगेच औषध दिलं तर आकडी टळेल ना? मला खरं सांगावं लागलं. औषधाने पोराला बरं वाटतं, आकडी टळेलच असं नाही. साधारण तिघांतल्या एका मुलाला ती पुन्हा येते, आणि पाच-सहा वर्षांनंतर बहुतेकांची थांबते. आली तर जमिनीवर कुशीवर निजवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, वेळ बघायची. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

आजीने मध्येच विचारलं, "आणि दात बसले तर?"

"बसूं देत, आजी. आपोआप उघडतात."