थरथरत्या बोटाला न सापडणारी फुली

मधुमेहाविषयी मराठीत माहिती देणाऱ्या एका संस्थेच्या संकेतस्थळाची देखभाल मी करते. साइट वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, लेख भरपूर आहेत आणि बरेचसे डॉक्टरांनी स्वतः लिहिले आहेत. मध्यंतरी संस्थेकडून एक यादी आली. वाचक येतात पण थांबत नाहीत, तेव्हा आणखी काही प्लगइन, म्हणजे साइटला एखादी सोय जोडणारे छोटे प्रोग्राम, बसवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पॉपअप दाखवून ईमेल पत्ते गोळा करणारं एक, ‘हेही वाचा’ची चौकट आणणारं एक, सरकत्या चित्रांची पट्टी लावणारं एक, आणि अंध वाचकांची सोय म्हणून पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह ठेवणारं एक (ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, मजकूर ऐकू येतो).

साइटवर आधीच तिसाच्या वर प्लगइन चालू होते. वर्डप्रेसच्या भांडारात पन्नास हजारांहून जास्त प्लगइन फुकट मिळतात आणि बसवायला दोन क्लिक पुरतात. त्यामुळे कसलीही अडचण आली की माणूस आधी तिथे शोधतो. मी संस्थेला एवढंच म्हटलं, की यादीतलं काहीही बसवण्याआधी दोन खऱ्या वाचकांना साइट वापरताना आपण सगळे शेजारी बसून पाहू या. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं, की पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. आम्हाला दोघंही पुरून उरले.

पहिले होते एक निवृत्त शिक्षक. मधुमेहामुळे दृष्टिपटल खराब होऊन त्यांची नजर गेली आहे. ते एनव्हीडीए हे फुकट मिळणारं वाचक-सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे पडद्यावरचं सगळं त्यांना आवाजात ऐकू येतं. दुसऱ्या एक ताई. त्या इन्शुलिन घेतात, त्यांना अंधुक दिसतं आणि सगळं काही मोबाइलवरच चालतं. दोघांना एकच काम दिलं: ‘साखर अचानक उतरल्यासारखी वाटतेय. आता काय करायचं, ते या साइटवर शोधा.’

काकांनी पान उघडलं आणि लॅपटॉप गप्पच झाला. मधूनच ‘लिंक’, ‘बटन’ असे इंग्रजी शब्द यायचे, मराठी मात्र एकही नाही. व्यवस्थापकांना वाटलं स्पीकर बिघडला. काका शांतपणे म्हणाले, “स्पीकर ठीक आहे. तुमचं पान सांगतंय की मी इंग्रजी आहे, म्हणून हा इंग्रजी आवाजाकडे वळला, आणि त्याला देवनागरी येत नाही.” तसंच होतं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा पहिल्या दिवसापासून इंग्रजीच राहिली होती, त्यामुळे पानागणिक कोडच्या माथ्यावर भाषा म्हणून इंग्रजीची नोंद जात होती. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा काहीच त्रास नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. जनरल सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी केली, साठवली, पान पुन्हा उघडलं. आवाज मराठीत बोलायला लागला. या दुरुस्तीला कुठलंच प्लगइन लागलं नाही.

पुढे मात्र इतकं सोपं नव्हतं. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी जाते. नजर असलेला माणूस लेख चाळतो तसं अंध वाचक शीर्षकांवरून चाळतो. काकांनी ‘एच’ दाबलं, लेखाचं नाव आलं. पुन्हा दाबलं, तर पुढे शीर्षकच नाही. लेखात उपशीर्षकं तर होती! पण ती नुसती ठळक आणि मोठी केलेली वाक्यं होती. लिहिणाऱ्याने अक्षरांचा आकार वाढवला होता, लेख लिहायच्या खिडकीतला ‘शीर्षक’ हा पर्याय कधी वापरलाच नव्हता. डोळ्याला ते शीर्षक दिसतं, यंत्राला तो साधा परिच्छेद असतो.

मग काका बाणाच्या कळीने ओळ-ओळ उतरू लागले. मेनू ऐकला. शेअर करायची बटणं एकामागून एक ऐकली. तेवढ्यात पॉपअप आलं. त्यातली बंद करायची फुली म्हणजे नुसतं चित्र, तिला नावच दिलेलं नव्हतं, म्हणून आवाज फक्त ‘बटन’ एवढंच म्हणाला. कसलं बटन, ते दाबून पाहिल्याशिवाय कळणार कसं? काकांनी एस्केप दाबून पाहिलं, त्यानेही ते बंद होईना. कसेबसे त्यातून बाहेर पडून ते लेखाच्या पहिल्या परिच्छेदावर पोहोचले.

पहिला परिच्छेद असा होता: १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला ते पहिल्यांदा देण्यात आलं. माहिती खरी आहे आणि सुंदरही आहे. लेख लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडम आमच्याबरोबरच बसल्या होत्या. त्यांनी तो परिच्छेद मनापासून लिहिला होता, कारण इन्शुलिन आलं आणि किती मुलं वाचली हे रुग्णांना कळावं, असं त्यांना वाटत होतं. काका ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, “डॉक्टर, माझी साखर उतरलीय. यात मी करायचं काय?”

मॅडम म्हणाल्या, “खाली तक्ता दिलाय, अगदी पायरी-पायरीने.” काका खाली गेले. आवाज म्हणाला, ‘ग्राफिक’. बस, एवढंच. तक्ता म्हणजे एक चित्र होतं. कुणीतरी तो रंगीत पानावर छान मांडला होता आणि चित्र म्हणून चढवला होता, पर्यायी मजकुराची, म्हणजे चित्रात काय आहे ते आवाजाला सांगणाऱ्या मजकुराची, जागा रिकामी. त्यातली शेवटची ओळ होती: ‘रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने वैद्यकीय मदत बोलवा.’ शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. ते मजकुरात दुसरीकडे कुठेही नव्हतं आणि काकांपर्यंत पोहोचायचा त्याला मार्गच नव्हता.

डॉक्टर मॅडमचा चेहरा उतरला. त्या उठून काकांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मला पुन्हा पहिल्यापासून ऐकवा.”

ताईंचा प्रकार वेगळा होता. मोबाइलवर पान उघडलं आणि त्यांनी दोन बोटांनी ते मोठं करायला घेतलं, तर पान हलेना. साइटचं रूप ठरवणारी थीम ज्याने बनवली, त्याने मोबाइलवर झूम करण्याला बंदी घातली होती. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी. मी लगेच मोजून पाहिलं, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर तीनास एकही भरत नव्हतं. वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या आकाराच्या मजकुराला किमान साडेचारास एक सांगतात. त्यात भर म्हणजे शीर्षकांच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवून ठेवलेलं. रोमन लिपीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांसारखा दिसायला लागतो. ताई फोन नाकाजवळ नेऊन वाचत होत्या. मग पॉपअप आलं. त्यांनी फुलीवर बोट ठेवलं, ते शेजारी पडलं आणि भलतंच पान उघडलं.

“साखर उतरली की माझे हात कापतात हो,” त्या म्हणाल्या. “आत्ता बरी आहे तरी ही फुली सापडेना. तेव्हा कशी सापडेल?”

त्या वाक्याने दिवसभराच्या चर्चेचा निकाल लावला. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाते तेव्हा घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, नजर अंधुक होते, विचार धड सुचत नाही. आमचं हे पान उघडणारा माणूस नेमका याच अवस्थेत असणार, किंवा अशा माणसाजवळ घाबरून उभा असलेला त्याचा नातेवाईक असणार. त्याला इथे किती वेळ थांबवता येईल, हा प्रश्नच चुकीचा होता. तो इथून किती लवकर मोकळा होईल, ते पाहायला हवं होतं.

दुपारी आम्ही कामाला बसलो. वर्डप्रेसच्याच मंडळींचं ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ म्हणून एक प्लगइन आहे. त्यात सगळे प्लगइन फक्त आपल्यापुरते बंद करता येतात, येणाऱ्या वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसते. सगळे बंद केले आणि एकेक सुरू करत गेलो. प्रत्येकाला प्रश्न एकच: साखर उतरलेल्या माणसाला याचा उपयोग काय? शेअरची बटणं गेली. पॉपअप गेलं. मुखपृष्ठावरची सरकती पट्टी गेली, कारण आपोआप हलणारी गोष्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर ती थांबवायची सोय द्यावी लागते आणि तिच्यात ती नव्हती. काही प्लगइन तर कशासाठी बसवले होते तेही कुणाला सांगता येईना, आणि तरीही प्रत्येकाची स्क्रिप्ट पानागणिक उतरत होती. व्हीलचेअरच्या चिन्हाविषयी मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, “आवाज माझ्याकडे आहे, अक्षरं मोठी करायची सोय हिच्या फोनमध्ये आहे. तुम्ही मजकूर नीट ठेवा, बाकीचं आमचं आम्ही बघतो.” ते यादीतून कटाप झालं.

एक प्लगइन मात्र नवं घेतलं, शोधासाठी. ताईंनी शोधाच्या खिडकीत ‘शुगर लो’ टाकलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं, कारण लेखात सगळीकडे ‘रक्तशर्करा’ होतं. वर्डप्रेसचा मूळचा शोध टाकलेली अक्षरं जशीच्या तशी शोधतो, इन्शुलिन आणि इन्सुलिन हेसुद्धा त्याच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. रेलेव्हान्सी या प्लगइनमध्ये समानार्थी शब्दांची यादी भरता येते. ती यादी ताईंनी आणि काकांनी बसून सांगितली: शुगर, साखर, लो, कमी, उतरली, डाउन झाली. हा शब्दसंग्रह आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

आणि मग लेख. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला आणि तो जायलाच हवा होता. मॅडमनी स्वतः कीबोर्ड घेतला. शीर्षक झालं ‘साखर अचानक कमी झाली तर लगेच काय करावं’. त्याखाली थेट पायऱ्या, चित्र नाही, आकडे घातलेली साधी यादी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे साधारण तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. अजूनही ७०च्या खाली असेल तर तेच पुन्हा करा. बेशुद्ध माणसाविषयीचं वाक्य मॅडमनी आधी शेवटी ठेवलं होतं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, “हे पहिलं हवं. मी बेशुद्ध पडलो तर हा लेख माझी बायको वाचणार आहे.” ते वाक्य यादीच्या वर गेलं.

मॅडमनी “तपासणी केली जावी” असं लिहिलं की काका लगेच विचारायचे, “कुणी करायची?” मग वाक्य “साखर तपासा” असं व्हायचं. ‘इथे क्लिक करा’ हे शब्दही असेच गेले. काका पानावरच्या सगळ्या लिंकची यादी एकत्र ऐकतात, आणि त्यात ‘इथे क्लिक करा, इथे क्लिक करा’ एवढंच ऐकू येतं. आता लिंकमध्येच लिहिलेलं असतं की ती कुठे नेते. बँटिंग आणि बेस्ट यांच्यासाठी वेगळा लेख केला, या लेखाच्या तळाशी त्याची लिंक दिली. मॅडमना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट स्वतंत्र लेखात त्यांना मोकळेपणाने लिहिता आलं.

खरी शीर्षकं आल्यावर आधीपासून निपचित पडलेलं अनुक्रमणिकेचं प्लगइनही चालायला लागलं. ते शीर्षकांवरूनच यादी बनवतं, आणि लेखात शीर्षकंच नव्हती तर त्याने दाखवायचं काय? अक्षरांचा रंग गडद केला, ओळींमधली जागा वाढवली, कारण देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. झूमवरची बंदी उठवली. ही कामं भराभर झाली.

निघायच्या आधी काकांनी आणखी एक लेख ऐकला, पायांच्या काळजीचा. त्यात लिहिलं होतं, ‘रोज आपले पाय नीट बघा. जखम, फोड, लाली दिसली तर डॉक्टरांना दाखवा.’ ते म्हणाले, “मधुमेहाने डोळे जातात हे तुम्हीच दुसऱ्या लेखात लिहिलंय. मग मी पाय कसे बघू?” मॅडमनी तिथल्या तिथे ओळ घातली: दिसत नसेल तर घरातल्या कुणाकडून रोज तळवे आणि बोटांमधल्या जागा तपासून घ्या. पायांची संवेदना कमी झालेली असते, तेव्हा दुखत नाही म्हणून जखम नाही असं समजू नका.

साइटवर संस्थेच्या जुन्या पुस्तिका पीडीएफ म्हणून ठेवलेल्या आहेत. काही स्कॅन केलेल्या, म्हणजे वाचक-सॉफ्टवेअरला नुसती चित्रं. काही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये, त्यातला मजकूर उचलला तर अर्थहीन चिन्हं हाती येतात आणि शोधातही काही सापडत नाही. त्या पुन्हा टाइप करून साध्या लेखांच्या रूपात चढवायला घेतल्या आहेत. पहिली घेतली ती पायांच्या काळजीची, आणि टाइप झालेलं प्रत्येक पान चढवण्याआधी काकांकडे ऐकायला जातं.