चार इकडे, दोन तिकडे : सहा पानांच्या वाटणीचा माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडला रविवार दुपारच्या आमच्या डावात पैसे नसतात, काडेपेटीतल्या काड्या असतात. खेळ सायमल्टेनियस ओमाहा होल्डेम, म्हणजे ओमाहा आणि होल्डेम हे पोकरचे दोन प्रकार एकाच वेळी. प्रत्येकाला सहा पानं. त्यातली चार ओमाहाची, दोन होल्डेमची. मधली पाच पानं दोन्हींना सामाईक, आणि पॉट, म्हणजे सगळ्यांनी घातलेल्या काड्या, अर्धा ओमाहाच्या विजेत्याला, अर्धा होल्डेमच्या. खेळाडू जास्तीत जास्त सात: 42 हातातली, 5 मधली, 3 जाळलेली (न दाखवता बाजूला टाकलेली), म्हणजे 50. आठवा आला की कॅट पुरत नाही.

वाटणी कधी करायची, हे आधीच ठरवून घ्यावं. आमच्याकडे पहिली बोली (काड्या लावण्याची फेरी) सहा पानांवर होते, मग उरलेले सगळे एकदम वाटणी करतात आणि त्यानंतरच फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, उघडतो. चार पानं उभी, दोन आडवी, पालथी. एकदा ठेवली की हलवायची नाहीत.

सहा पानांतून दोन काढायचे 15 मार्ग आहेत, पण बहुतेक वेळा विचार दोन-तीनचाच करावा लागतो. मी पानं आधी रंगाप्रमाणे लावते, मग क्रमाने. नुसती क्रमाने लावली की रंगाच्या जोड्या नजरेतून सुटतात.

ओमाहात हातातली नेमकी दोनच पानं वापरायची असतात (होल्डेममध्ये एकही चालतं), म्हणून चार पानांत सहा जोड्या दडलेल्या असतात. त्यातलं एक पान बाकीच्यांशी न जुळणारं असलं, तर सहापैकी तीन जोड्या गेल्या. त्यामुळे मी आधी होल्डेमची जोडी शोधत नाही. कोणती चार पानं एकमेकांशी नांदतील ते बघते. एक्क्यांची नुसती जोडी होल्डेममध्ये पुष्कळदा टिकते, ओमाहात क्वचित.

समजा आलं: इस्पिक एक्का, गुलाम, नव्वी आणि बदाम एक्का, दश्शी, अठ्ठी. दोन्ही एक्के आडवे, बाकी चार उभी. ओमाहाला गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी, दोन रंगांत. फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) झाला तर तो गुलामाचा किंवा दश्शीचा, म्हणजे वरून मार खाऊ शकतो. पण त्या दोन्ही रंगांचे एक्के आपल्याच दुसऱ्या हातात आहेत, ही भीती तेवढी कमी.

एकाच रंगाची तीन पानं ओमाहात ठेवणं ही नेहमीची चूक. तिसरं पान तिथे काहीच करत नाही, उलट आपल्याला हवं असलेलं एक पान कॅटमधून कमी झालेलं असतं. ते होल्डेमला द्यावं, तिथे निदान कामाला येईल. एकटा बदाम एक्काही तिकडेच: मध्ये चार बदाम पडले तर होल्डेममध्ये तो फ्लश आहे, ओमाहात नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद यावरच होतात. म्हणून पानं उघडताना ओमाहाची दोन पानं पुढे सरकवून दाखवायची, असा नियम केलाय.

दुर्री-तिर्रीच्या जोडीलाही ओमाहात जागा नाही. तिथे लहान सेट (हातातली जोडी आणि मधलं तसंच तिसरं पान) लागला की माणूस फेकत नाही आणि मोठ्या सेटखाली सापडतो. एक्का-राजा-राणी-गुलाम आणि दुर्रीची जोडी आली, तर जोडी आडवी.

मोहात पाडणारा हात म्हणजे तीन राजे. हातात दोनच असते, तर न दिसलेल्या 46 पानांत दोन राजे उरतात आणि पाच पानांत त्यातला एक तरी पडण्याची शक्यता सुमारे 21 टक्के. तीन असले तर एकच उरतो, शक्यता 11 टक्क्यांच्या आत. सोबत सत्तीची जोडी आणि दुर्री असेल, तर ओमाहाला राजा-सत्ती-सत्ती-दुर्री उरते. चार भावांत सलोखा नाही तो हा. पहिल्याच बोलीला फेकावा.

कारण अर्ध्या पॉटवर पोट भरत नाही. तिघांनी 40-40 काड्या घातल्या, तर पॉट 120. एक बाजू जिंकली की 60, म्हणजे नफा 20. त्या एका बाजूतही बरोबरी झाली तर हातात 30 येतात, म्हणजे डाव ‘जिंकून’ 10 काड्या गेल्या.