नांदूरमधमेश्वरला तारीख नको, पाणी बघून जा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याबद्दल दर हिवाळ्यात एकच प्रश्न येतो: "पक्षी आलेत का? कधी जाऊ?" नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उत्तर बरोबरच आहे, पण अर्धंच. नांदूरमधमेश्वरचा खरा मोसम ठरतो तो बंधाऱ्यातल्या पाण्यावर.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात हा दगडी बंधारा झाला. शंभर वर्षांत मागे गाळ साठत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि त्यावर पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण बंधाऱ्याचं मूळ काम आजही सिंचनाचंच आहे. वरून दारणा-गंगापूर धरणांचं पाणी येतं, डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जातं. आवर्तन (कालव्यांना पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना आणि बंद झाल्यावर पातळी बदलते, तसे पक्षीही जागा बदलतात.

बंधारा भरलेला असेल तर खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्या लालसरी आणि वारकरी हे पक्षी दिसतात; चिखलात चालणारे पक्षी कडेला, शेतांकडे सरकतात. पाणी उतरून गाळ उघडा पडला की तुतवार, चिखल्या, शेकाटे, मोर शराटी, चमचे, चित्रबलाक सगळे एकाच पट्ट्यात उतरतात. म्हणून निघण्याआधी चापडगावातल्या स्थानिक गाईडला फोन करून एवढंच विचारा: "पाणी किती आहे, गाळ उघडा पडलाय का?"

ऑक्टोबरात गेलात तर बदकं ओळखताना फसगत ठरलेली. विणीनंतर नर रंगीत पिसं टाकून मादीसारखे तपकिरी होतात आणि आपल्याकडे येतात तेव्हाही बरेचसे तसेच असतात. पुस्तकातलं रंगीत चित्र तेव्हा कामाचं नाही. चोच बघा. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते, आणि ती पाण्याला टेकवून तो गोल गोल फिरत राहतो. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक. भुवई बदकाच्या डोळ्यावरची रेघ तपकिरी रंगातही कळते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका दिसला तर ते हळदी-कुंकू बदक, बाराही महिने इथलंच. डिसेंबरपासून बहुतेक नरांचे रंग परत येतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तेव्हाच जावं.

पट्टकादंब, ज्यांना गावात राजहंस म्हणतात, ते डिसेंबर-जानेवारीत बघावेत. रात्री आणि पहाटे ते हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरतात आणि ऊन चढलं की पाण्याकडे परततात. त्यामुळे सकाळी पाण्यावर ते दिसले नाहीत म्हणून लगेच परत फिरू नका.

वेळेचं म्हणाल, तर सूर्योदयाला पक्षी बघण्याच्या मनोऱ्यावर असावं. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारीत धुकं असलं की उजाडल्यावरही बराच वेळ काही दिसत नाही. तेव्हा मनोऱ्यावर ताटकळण्यापेक्षा काठच्या झाडांत, बोरूच्या बेटांत छोटे पक्षी बघावेत. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, आणि मग महागड्या लेन्समध्येही लांबचं बदक धूसरच येतं. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. 10x42 मध्ये थोडं जास्त दिसतं, पण हात हलतो. लांबच्या थव्यांसाठी ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे छोटी एकनळी दुर्बीण, हवाच. हजार बदकं एकदम उठली तर आधी वर बघा, बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

एक दृश्य मात्र शांतपणे बघण्यासारखं आहे. उघड्या चोचीचा करकोचा पाण्यातली गोगलगाय चोचीत धरतो, पण शंख फोडत नाही. खालच्या चोचीचं टोक शंखाच्या झाकणाखाली सरकवून स्नायू कापतो आणि आतला जीव अलगद ओढून काढतो.

मार्चअखेर पाहुणे निघून जातात. एप्रिल-मेमध्ये टिटव्या, शेकाटे, नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. त्या दिवसांत गाळात आणि बेटांवर अजिबात उतरू नये. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला, म्हणजे आपण घरट्याजवळ आलोय. आल्या वाटेने मागे फिरा. कडक उन्हात अंडी थोडा वेळ उघडी राहिली तरी आतला जीव मरू शकतो. पावसाळ्यात लांब शेपटीचा कमळपक्षी बघा: मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, आणि अंडी उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं नरच करतो.

तितर, लाव्हे, ससा यांच्या शिकारीबद्दल अजूनही कुणीतरी विचारतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. मासे धरायचा गळही इथे आणू नका. उन्हाळ्यात रानातलं काही बघायचंच असेल तर येवल्याजवळच्या ममदापूरला काळवीट बघायला जा, सकाळी लवकर किंवा ऊन कललं की. गाडी रस्त्यावरच ठेवा. माळावर घातली की कळप पळत सुटतो आणि त्या उन्हात पाडसं मागे पडतात.