सगळी झुरळं एकसारखी नसतात

गेल्या काही वर्षांत मी आधी गावात, मग शहराबाहेरच्या कॉलनीत आणि आता भर शहरातल्या फ्लॅटमध्ये अशा तीन घरांत राहिलोय आणि तिन्हीकडे झुरळं होती, पण ती वेगवेगळी होती हे कळायला मला फार वेळ लागला, कारण दिसलं की चप्पल उचलायची यापलीकडे कोण बघतं.

गावच्या घरात प्रकार सगळ्यात जास्त दिसायचे. लाकडांच्या ढिगाखाली मोठी तपकिरी, काहींच्या पंखांच्या कडेला पिवळी रेघ, दिव्यावर उडत येणारी छोटी फिकट, शिवाय कुंडीतल्या मातीत राहणारं सुरिनाम झुरळ, ज्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं घालतात! पण एकेका प्रकाराची संख्या थोडीच. यातली बरीचशी खरं तर बाहेरची, पालापाचोळ्यात राहणारी, घरात नुसती चुकून येणारी. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या जेमतेम तीसेक माणसाच्या आसपास राहतात, बाकीच्या जंगलात आपलं काम करतायत, हे वाचल्यापासून मी बाहेरच्या झुरळाला मारत नाही, उचलून बाहेर सोडतो.

कॉलनीतल्या घरात मुख्य त्रास मोठ्या झुरळाचा, चार सेंटिमीटरपर्यंत वाढणारं ते अमेरिकन झुरळ. नाव अमेरिकन पण मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांतून जगभर पसरलेलं. ते ड्रेनेजच्या चेंबरमधून वर यायचं, त्यामुळे जाळ्या बसवल्या आणि पाइपभोवतीच्या फटी बुजवल्या तेव्हाच कमी झालं.

फ्लॅटमध्ये मात्र जवळपास एकच जात, जर्मन झुरळ, आणि तीच शेकड्यांनी. दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हेही जर्मनीचं नाहीच, 2024 मध्ये जनुकांवरून असं दिसलं की सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं, आणि आता माणसाच्या इमारतींशिवाय ते कुठे टिकतच नाही. त्याला ऊब, पाणी आणि फट लागते, आणि एकाला एक चिकटलेली किचनं म्हणजे हे तिन्ही बारा महिने. इतर बऱ्याच झुरळांची मादी अंड्यांची डबी कुठेतरी चिकटवून निघून जाते पण ही मादी तीसचाळीस अंड्यांची डबी पिल्लं बाहेर यायच्या बेतात येईपर्यंत पोटाला लावून फिरते, म्हणजे खोक्यातून किंवा जुन्या मिक्सरमधून तसली एक मादी घरात आली तरी पुरे.

म्हणून मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचंय की आधी झुरळ ओळखा, मग उपाय करा. माझ्या फ्लॅटमध्ये मी महिनोन्महिने स्प्रे मारत होतो, झुरळं पुन्हा तेवढीच आणि वर त्या वासानं आम्हीच खोकत होतो. शेवटी स्प्रे बंद केला, कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी आणि फ्रिजच्या मोटरजवळ झुरळं खाऊन मरतात त्या आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके लावले, सिंक रात्री कोरडं ठेवायला लागलो. जेलचा ब्रँडही अधूनमधून बदलावा, कारण काही जर्मन झुरळं ग्लुकोज असलेलं आमिष तोंडात घेतच नाहीत, हे 1993 पासून माहीत आहे.

फ्रिजमागे चिकट सापळा ठेवलाय. पहिल्या आठवड्यात तो पूर्ण भरला होता, या आठवड्यात दोनच सापडली, दोन्ही बिनपंखांची पिल्लं, त्यामुळे जेल अजून काढलेलं नाही.