गाडी बंद होती
ट्रेलरवरून माणूस पडला म्हटलं की लोकांना वाटतं, गाडी चालू असणार. आज वडाळ्याला आमच्या गोदामात गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता, आणि ड्रायव्हर काका केबिनमधून उतरताना पडले. एका हातात चलनं, दुसऱ्यात मोबाईल, पाठ गाडीकडे. पावसाने ओली पायरी, तिच्यावरचे खाचे कधीच झिजून गेलेले, वरून ग्रीस. डावा घोटा बघता बघता टम्म सुजला.

उतरायची रीत खरं तर साधी आहे. तोंड गाडीकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. उडी नाही. कागद नंतर घ्यायचे. पण मागचा हॉर्नवरचा हात काढत नसेल तर रीत कोण पाळतो?

गाडीमालकाचा फोन: "मुरगळलंय ना नुसतं?" नुसतं! ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नसेल, तर सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे (आधी हेच १९२३ च्या भरपाई कायद्यात होतं) कामावरच्या दुखापतीने ३ दिवसांहून जास्त काम करता आलं नाही की मालक भरपाई देणं लागतो. गाडी उभी असली तरी.

काकांना हे सांगितलं. म्हणाले, "ते राहू दे रे. उद्या उरणचं भाडं आहे, क्लच कुठल्या पायाने दाबू?"