दुपारी दोन वाजता कुठे जायचं?

ओरलँडोला डिस्नी वर्ल्डला जायचं ठरलं की लोक आधी तिकिटांचं विचारतात. मी आधी विचारते, तुमच्यातलं कोण दुपारी दोनला थकणार आहे आणि ते माणूस कुठे जाऊन आडवं होणार? मुक्काम डिस्नीच्या आवारातल्या हॉटेलात करावा की बाहेर घर घ्यावं, हे मला या एका प्रश्नावरून कळलं. कळायला दोन सहली जाव्या लागल्या.

पहिली सहल जून २०२२ ची. सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. मुलगी सात वर्षांची, धाकटा तीन. आम्ही डिस्नीच्या आवाराबाहेर, ओरलँडोजवळच्या किसिमी गावात तीन बेडरूमचं घर भाड्यानं घेतलं, मागे पोहायचा छोटा तलाव, पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन. सामानात कुकर नेला होता. सकाळी सहाला सासूबाईंचा आल्याचा चहा, मग पोहे, आणि डब्यात पोळी-बटाट्याची भाजी. डिस्नीच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू चालत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तिथे गेल्यावर हळहळ होते. संध्याकाळी परत आलं की मुलं पाण्यात, मोठे मागच्या अंगणात. सासरे अजूनही त्या घराची आठवण काढतात. घर म्हणून त्यात काहीही उणं नव्हतं.

अडचण सकाळी आणि दुपारी होती. मॅजिक किंगडमला, म्हणजे डिस्नी वर्ल्डच्या चार पार्कांपैकी किल्ला असलेल्या पार्कला, स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यानं गाडी लावली म्हणजे तो पार्कच्या दारात पोचला असं होत नाही. पार्किंग एका मोठ्या तलावाच्या अलीकडे आहे. गाडी लावायची, ट्रामनं वाहतूक केंद्रापर्यंत यायचं, तिथून मोनोरेल नाहीतर बोट पकडायची आणि तलाव ओलांडून पलीकडे जायचं. मग दार. आम्ही घरून पावणेआठला निघालो आणि आत पाऊल टाकलं तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. बोट सुंदर आहे, समोर किल्ला हळूहळू मोठा होत जातो, धाकटा तर टाळ्या वाजवत होता. पण तोच रस्ता झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उलटा करायचा असतो, त्याचा विचार आम्ही केला नव्हता.

फ्लोरिडातल्या जूनच्या उन्हात दुपारी दोनला सासूबाईंचे पाय सुजले. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मुलांचा विरस नको म्हणून ही पिढी बोलत नाही, आपल्यालाच बघावं लागतं. परत जायचं तर बोट, ट्राम, गाडी, मग महामार्ग १९२ वरची सिग्नलमागून सिग्नल अशी गर्दी. एक फेरीच दीड तासाची. शिवाय गाडी एक आणि चालवणारे आम्ही दोघं. म्हणजे नवऱ्यानं त्यांना सोडायला जायचं आणि मी एकटीनं दोन मुलांना सांभाळायचं, किंवा सगळ्यांनीच दिवस सोडायचा. शेवटी सासूबाई ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’मध्ये जाऊन बसल्या. तिथे प्रेक्षागृहच फिरतं, वीसेक मिनिटं गार हवेत बसायला मिळतं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला खेळ आहे तो. त्यांनी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा बाहेर आल्या तेव्हा मला म्हणाल्या, “तू जा मुलांबरोबर, मी बसते इथंच.” त्या वाक्यानं मला त्या रात्री झोप लागली नाही. साताऱ्यात ही बाई एकटी भाजी आणते, बँकेत जाते, रिक्षानं बहिणीकडे जाते. इथे तिला आमच्या गाडीच्या किल्लीशिवाय पलंगापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं.

२०२४ ला माझे आई-बाबा आले. या वेळी मी हिशेब वेगळा मांडला.

आधी तारखा. आमच्याकडे न्यू जर्सीत शाळा लेबर डेनंतर म्हणजे सप्टेंबरात उघडतात, फ्लोरिडातल्या मात्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात. त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा आठवडा गर्दी कमी असलेला मिळतो आणि आवारातल्या हॉटेलांचे दरही त्या मानानं खाली येतात. ऊन आणि पाऊस मात्र भरपूर.

मग खोली. आम्ही सहाजण. डिस्नीच्या स्वस्त गटातल्या हॉटेलांत, म्हणजे ऑल-स्टार किंवा पॉप सेंच्युरी, एका साध्या खोलीत चारच जण राहू शकतात. दोन खोल्या घ्याव्या लागतात, त्या शेजारशेजारच्या मिळतील याची खात्री नाही. आर्ट ऑफ अॅनिमेशन या हॉटेलात मात्र सहाजणांचे फॅमिली स्वीट आहेत. एक बंद बेडरूम, बाहेर सोफ्याचा पलंग, भिंतीतून खाली येणारा आणखी एक पलंग, दोन बाथरूम, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह. दोन बाथरूम हा शब्द वाचला तिथेच माझा अर्धा निर्णय झाला.

पैशाचं खरं सांगते. रात्रीचा दर पाहिला तर तो किसिमीच्या घराच्या जवळजवळ दुप्पट होता. पण नुसता रात्रीचा दर बघून ठरवू नका, वहीवर पूर्ण सहलीचा आकडा काढा. बाहेरच्या घराच्या भाड्यावर सफाईचे पैसे, बुकिंग करणाऱ्या साइटचे पैसे आणि कर चढतात. थंडीत पोहायच्या तलावाचं पाणी गरम करायचे वेगळे. भाड्याची मोठी गाडी, पेट्रोल, टोल. पार्कचं पार्किंग २०२२ ला दिवसाला २५ डॉलर होतं, २०२४ ला ३०. आवारातल्या हॉटेलात राहणाऱ्याला पार्कचं पार्किंग लागत नाही, आणि आम्ही तर गाडीच घेतली नाही. सगळं मिळवलं तेव्हा दुप्पट वाटणारा फरक दीडपटीच्या आत आला. तरीही महागच. पूर्वी विमानतळावरून हॉटेलपर्यंत डिस्नीची फुकट बस असायची, ती २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. तो खर्चही धरा.

माझे बाबा एसटीतून निवृत्त झाले, मिरज आगारात वाहतूक नियंत्रक होते. पहिल्या सकाळी हॉटेलच्या बसथांब्यावर ते मुलांपेक्षा जास्त खुश होते. प्रत्येक पार्कसाठी वेगळी रांग, वर पुढची गाडी किती मिनिटांत ते दाखवणारी पाटी, व्हीलचेअर आधी चढवून पट्ट्यांनी बांधायची आणि मगच रांग सोडायची. “प्रवासी उभा ठेवत नाहीत फार वेळ,” ते आईला म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठी पावती आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हॉटेलची बस मॅजिक किंगडमच्या दाराजवळ थांबते. ट्राम नाही, बोट नाही. खोलीतून पावणेआठला निघून आम्ही सव्वाआठला रांगेत होतो. आवारातल्या पाहुण्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी सोडतात, त्या अर्ध्या तासात सात बुटक्यांची आगगाडी झाली. तिला किमान उंची ३८ इंच लागते. धाकट्यानं घरी दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवली होती.

रांग टाळायच्या लाइटनिंग लेनच्या पासातही फरक आहे. आवारात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी अख्ख्या मुक्कामाचे पास घेता येतात, बाहेर राहणाऱ्यांना त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी. पैसे दोघांनाही मोजावे लागतात. मला या फरकाचं फार मोल वाटलं नाही, पण ज्यांना ‘स्लिंकी डॉग’सारख्या राइडच्या लवकर संपणाऱ्या वेळा हव्यात त्यांना वाटेल.

मला मोल वाटलं ते एपकॉट या दुसऱ्या पार्कच्या दिवशीचं. आमच्या हॉटेलसमोरच स्कायलायनरचं स्टेशन होतं. तारेवरून जाणारे पाळणे, २०१९ साली सुरू झालेले. “हा रायगडचाच रोपवे की,” आई म्हणाली. एपकॉटमध्ये जेवण झालं, तिथले जपान आणि मोरोक्को या देशांचे विभाग पाहून झाले, आणि बाबांचा गुडघा बोलायला लागला. मी बॅगेतून कागद काढला. आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता, मोठ्या अक्षरात, मराठीत:

“फ्रान्सजवळच्या दारातून बाहेर. रोपवेत बसा. पहिल्या स्टेशनात दार उघडेल, उतरायचं नाही. दुसरं मोठं स्टेशन, तिथे उतरा. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अॅनिमेशन लिहिलेल्या रांगेत जा. शेवटच्या स्टेशनात उतरा. समोर आपलं हॉटेल.”

बाबांनी वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दोघं निघाले. मी दारापर्यंत गेले, पाळण्यात बसताना पाहिलं, आणि मग पाळणा दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. पाऊण तासानं फोन आला. आईचा. “पोचलो गं. चहा केलाय.” मायक्रोवेव्हमध्ये केलेला चहा तिला आवडत नाही, पण त्या दिवशी आवाजात वेगळंच काही होतं. चालवायला कोणी लागलं नाही, इंग्रजी बोलावं लागलं नाही, कोणाचा दिवस मोडला नाही. मनगटाच्या पट्टीनं खोलीचं दार उघडलं, दीड तास झोपले, आणि संध्याकाळी साडेसहाला दोघं आपणहून परत आले, मुलांचे कोरडे कपडे पिशवीत घेऊन. कपडे आणायचं मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमध्ये असताना विजा सुरू झाल्या आणि रोपवे बंद. ऑगस्टच्या दुपारी हे होतंच, विजा असताना पाळणे चालवत नाहीत. माझ्या पोटात गोळा आला, कारण कागदावर बसचं काहीच लिहिलं नव्हतं. बाबा शांत होते. “रोपवे बंद म्हणजे गाड्या सोडणारच,” म्हणाले, आणि पावसातून सरळ बसथांब्याकडे निघाले. त्यांचं बरोबर होतं. गाड्या होत्या. हॉटेलचं नाव दाखवायला त्यांनी तोच कागद मागून पुन्हा खिशात घातला होता.

काय गमावलं तेही सांगते. सहा माणसं त्या स्वीटमध्ये मावतात, पण पसरत नाहीत. सोफ्याच्या पलंगावर पाठ धरते, आम्ही दोघं तिथे झोपलो म्हणून ठीक. कुकर नाही, फोडणी नाही. चौथ्या दिवशी आईला साध्या वरणभाताची इतकी आठवण आली की ती जेवलीच नाही. त्या संध्याकाळी आम्ही डिस्नीच्याच अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ या रेस्टॉरंटला गेलो. तिथे राहत नसलात तरी जेवायला जाता येतं. नान आणि त्याबरोबर नऊ तऱ्हेची तोंडीलावणी येतात, चटण्या, लोणची, रायतं, आणि खिडकीबाहेर गवतात जिराफ चरत असतात. आईनं जिराफ बघत नान खाल्ला. उजेड असतानाची वेळ मागा, अंधार पडला की जिराफ दिसत नाहीत.

ओरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांना जायचं असेल तर हा सगळा हिशेब मोडतो. डिस्नीच्या हॉटेलचा तिथे काहीच उपयोग नाही. युनिव्हर्सलच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं तर जुन्या दोन पार्कांसाठी रांग टाळायचा पास खोलीबरोबर मिळतो, तिथे महाग खोली खरोखर वसूल होते. ज्यांची सहल दोन्हीकडे वाटलेली आहे त्यांना बाहेरच, मध्यावर कुठेतरी राहणं बरं.

येत्या डिसेंबरात सासू-सासरे पुन्हा येताहेत, बरोबर दिरांचं कुटुंब. एकूण दहाजण. दहाजणांना आवारात राहणं आम्हाला परवडणार नाही, आणि सासऱ्यांना ते मागचं अंगण हवंच आहे. म्हणून किसिमीचं घर घेतोय, पण दोन अटींवर. एक, गाड्या दोन, म्हणजे दुपारी एक परत जाऊ शकेल. दोन, शेवटच्या एका रात्रीसाठी सासूबाई, सासरे, मी आणि धाकटा पॉप सेंच्युरीत राहणार. एका रात्रीचे पैसे भरले की येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस अर्धा तास आधी आत जायची सवलत लागू होते, आणि ते दोन्ही दिवस मी मॅजिक किंगडमला ठेवलेत. सासूबाईंसाठी कागद लिहायला घेतलाय. या वेळी बसथांब्याचंही लिहिणार आहे, आणि विजा झाल्या तर काय करायचं तेही.